टेलच्या कॉलेजला नेट आलं का?

उजनी धरणातून शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटलं की धरणात किती टक्के पाणी उरलं यावरची चर्चा मागे पडते. मग पारावर, टपरीवर, एसटीत एकच विचारणा असते, "टेलला आलं का?" दरवाजे उघडल्याची बातमी पेपरात आलेली असते, कालवा भरून वाहताना दिसतो, हेडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या, मोटारी रात्रंदिवस चालू असतात. टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, शेतकरी मात्र शेताकडे येणाऱ्या आपल्या चारीतली माती ओली झाल्याशिवाय पाणी सुटलं असं मानत नाही. त्याचं मोजमाप बरोबर आहे. म्हणूनच पाणीवाटपात 'टेल टू हेड'चा आग्रह धरला जातो. आधी शेवटच्या शेताला पाणी द्यायचं आणि मग वर सरकत यायचं.

मी सोलापूर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पाण्याच्या बाबतीत आम्ही टेलला आहोतच, इंटरनेटच्या बाबतीतही टेललाच आहोत. सकाळी दहाला ग्रंथालय उघडायला जाते तेव्हा पायरीवर दोन-चार मुली बसलेल्या असतात. पुस्तकाचं नंतर, आधी विचारतात, "मॅडम, नेट आलं का?" गावात नळाला पाणी आलं का हे ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात. माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रामीण आणि आदिवासी भागातल्या महाविद्यालयांना इंटरनेट देताना पाण्याचाच नियम लावा. टेलपासून सुरुवात करा आणि टेललाच मोजा.

गेल्या जानेवारीतली गोष्ट सांगते. ऐन गाळप हंगाम होता. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आमचा जिल्हा येतो, त्यामुळे दिवाळीनंतर प्रत्येक रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. आमची फायबरची तार रस्त्याच्या पलीकडच्या खांबावरून रस्ता ओलांडून फाटकाजवळच्या कडुलिंबापर्यंत येते आणि तिथून इमारतीत जाते. एका पहाटे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गेला. वरच्या मोळ्यांत तार अडकली. सकाळी शिपाईमामांना कडुलिंबाची फांदी मोडलेली दिसली आणि तार रस्त्याच्या कडेला पाचटात गुंडाळून पडलेली. त्या तारेच्या आत केसाएवढी काच असते. ती साध्या पिळ्यानं जोडता येत नाही, त्यासाठी स्प्लायसिंगचं मशीन लागतं. ते मशीन तालुक्याच्या गावी, आणि चालवणारा माणूस तीन तालुक्यांत मिळून एकच. जोडणी देणाऱ्याकडे तक्रार केली, त्यांनी ती पुढे ढकलली. ग्रामपंचायतीत गेलो, तर फायबरची पेटी आमच्याकडे आहे पण तिथून पुढची तार आमची नाही, असं उत्तर मिळालं. अकरा दिवस कॉलेज बंद पडल्यासारखं होतं.

नेमकी त्याच अकरा दिवसांत परीक्षेचे अर्ज भरायची मुदत होती. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी लमाण तांड्यावरून येते. तांड्यापासून फाट्यापर्यंत तीन किलोमीटर पायी, मग एसटी. आई-वडील ऊसतोडीला गेलेले आणि घरातला एकुलता एक स्मार्टफोन वडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर. अर्जासाठी नोंदवलेला नंबरही तोच. मी तिला घेऊन गच्चीवर गेले, कारण पाण्याच्या टाकीजवळ मोबाइलला रेंज येते. माझ्या फोनचं हॉटस्पॉट सुरू करून तिथल्या तिथे लॅपटॉपवर अर्ज उघडला. ओटीपी गेला वडिलांच्या फोनवर, आणि वडील फडात. मुकादमाला फोन लावला, त्यानं हाक मारली, वडील येऊन मेसेज उघडेपर्यंत वेळ संपली. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "बापू, तुम्ही फोन ठेवू नका, हातातच धरा." मग पलीकडून एकेक आकडा सावकाश ऐकू येऊ लागला आणि ती तो टाकत गेली. अर्ज भरला गेला तेव्हा तिची शेवटची एसटी निघून गेली होती. त्या आठवड्यात ज्यांना गच्चीवर न्यायला मला वेळ मिळाला नाही, त्यांच्यातल्या दोघींनी विलंब शुल्क भरलं. ते पैसे त्यांच्या घरून कसे आले असतील हे मला ठाऊक आहे.

हे सांगितलं की शहरातले लोक पटकन म्हणतात, "पण आता मोबाइल तर सगळ्यांकडे असतो." कॉलेजच्या इंटरनेटविरुद्ध सर्वांत जास्त वापरलं जाणारं आणि सर्वांत जास्त नुकसान करणारं वाक्य हेच आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. मोबाइल घरात असतो, पण तो कुणाचा असतो? माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणींचा फोन म्हणजे भावाचा जुना फोन, किंवा वडील शेतातून आल्यावर तासभर मिळणारा फोन. त्यात काय पाहिलं, कुणाशी बोललं, हे घर तपासतं. एखादा शब्द शोधायचा, एखादी परीक्षा कोणत्या वयापर्यंत देता येते ते बघायचं, आजारपणाबद्दल काही वाचायचं, तर तिला निवांत जागा एकच आहे, ग्रंथालयातला संगणक. तो बंद असला की तिचं जग त्या दिवसापुरतं तरी घरच्या फोनएवढंच उरतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या ७५व्या फेरीत ग्रामीण भागातल्या जेमतेम १५ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय आढळली होती आणि संगणक तर साडेचार टक्क्यांच्याही आत होता. त्यानंतर फोन झपाट्यानं वाढले. पण पाच इंचाच्या काचेवर अकाउंटन्सीचा ताळेबंद मांडून बघा, किंवा प्रकल्पाचा अहवाल टाइप करून बघा.

पैशांचाही हिशेब करू. रोज दीड जीबीचा अठ्ठावीस दिवसांचा पॅक तीनशे रुपयांच्या आसपास पडतो. वर्षाचे महिने बारा, पण अठ्ठावीस दिवसांमुळे रिचार्ज तेरा. म्हणजे वर्षाला एका विद्यार्थ्यामागे ३,९०० रुपये. चारशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजात सगळ्यांनी असा पॅक मारला तर १५ लाख ६० हजार रुपये होतात. हे सगळे पैसे शिक्षणावरच जातात असं मी म्हणत नाही. पण कॉलेजात नेट नाही म्हणून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टिपणं टाकायची, व्याख्यानाच्या लिंका पाठवायच्या, आणि त्या उघडण्याचा खर्च ऊसतोड कामगाराच्या मुलीनं सोसायचा, ही एक न छापलेली फी आहे. मध्यम दर्जाचा तासभराचा व्हिडिओ सहज अर्धा जीबी खातो. तीन तास बघितले की दिवसाचा कोटा संपला. या रकमेच्या एका लहानशा तुकड्यात कॉलेजला चांगली जोडणी, बॅटरी आणि देखभाल करणारा माणूस मिळू शकतो.

आणि आता इंटरनेट ही अभ्यासक्रमाबाहेरची चैन राहिलेली नाही. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं. मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, खुले पर्याय, श्रेयांकांची बँक, हे सगळं आलं. कल्पना चांगली आहे. पण आठ-दहा प्राध्यापकांच्या कॉलेजानं पर्याय आणायचे कुठून? तर उत्तर मिळतं, 'स्वयम' या केंद्राच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरून. २०१७ साली सुरू झालेल्या या मंचावरून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम घेता येतील अशी मुभा विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१ मध्ये दिली. पुण्यातल्या विद्यार्थ्यासाठी ती जादा संधी आहे. आमच्याकडे निवडीचा हक्क वापरायचा तो एकच रस्ता आहे, आणि तो कडुलिंबाच्या फांदीवरून येतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, प्रवेश ऑनलाइन, निकाल ऑनलाइन. राज्यातल्या अनेक विद्यापीठांत तर प्रश्नपत्रिकाही परीक्षेच्या थोडा वेळ आधी इंटरनेटवरूनच केंद्रावर येते. त्या सकाळी वीज गेली तर प्राचार्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

तारा टाकल्याच नाहीत, सरकारनं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २००९ मध्ये केंद्रानं माहिती तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, तेव्हा महाविद्यालयांना ५१२ केबीपीएसच्या जोडण्या मिळाल्या. आज तो वेग हास्यास्पद वाटेल, पण पहिल्यांदा ग्रंथालयात परदेशातल्या नियतकालिकाचं पान उघडलं तेव्हा आम्ही सगळे संगणकाभोवती उभे होतो. २०१० मध्ये विद्यापीठं आणि संशोधन संस्था जोडणारं राष्ट्रीय ज्ञान जाळं मंजूर झालं. ऑक्टोबर २०११ मध्ये देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर झाली. तीच पुढे भारतनेट. विद्यापीठ हेडला आहे, तिथे पाणी आलं. ग्रामपंचायतही चारीच्या तोंडाशी आहे, तिथेही बऱ्याच ठिकाणी आलं. कॉलेज मात्र दोन्हींच्या मध्ये कुठेतरी कोरडं राहिलं.

याचं एक साधं कारण नकाशात आहे. आमच्याकडची ग्रामीण कॉलेजं गावात नसतात, माळावर असतात. कुणा शिक्षणप्रेमी शेतकऱ्यानं नाहीतर संस्थेनं मिळवलेली जमीन तिथेच होती. ग्रामपंचायत कार्यालय वेशीच्या आत, कॉलेज दीड-दोन किलोमीटर बाहेर. फायबर पंचायतीच्या भिंतीवरल्या पेटीत संपतं आणि पुढचे दीड किलोमीटर कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतात. दुसरं कारण आपल्या महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात आहे. इथली उच्च शिक्षणाची गंगा खेड्यात आणली ती शिक्षण संस्थांनी. ती कॉलेजं अनुदानित असतील, विनाअनुदानित असतील, पण सरकारी नाहीत. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. मनापासून आनंद झाला. आणि त्याच वेळी दिसलं की माळावरची कॉलेजं त्या वाक्यात नाहीत. 'सरकारी' हा एक शब्द आला की या राज्यातली बहुतेक ग्रामीण कॉलेजं गळतात. तिथे शिकणारी पोरं मात्र त्याच गावातली असतात.

पैसा कुणाचा, हाही प्रश्न आहे. खेड्यापाड्यांत दूरसंचार पोहोचावं म्हणून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे पाच टक्के एका निधीत जातात. पूर्वी तो सार्वत्रिक सेवा निधी होता, २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. तांड्यावरच्या त्या मुलीचे वडील तळावर बसून जो रिचार्ज मारतात, त्यातला अंशही त्यात जातो. त्या निधीतून तिच्या कॉलेजपर्यंतचे दीड किलोमीटर मागणं ही याचना नाही.

इंटरनेट आणि शिक्षणाचा हक्क यांचं नातं न्यायालयानंही मान्य केलं आहे. केरळ उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये फहीमा शिरीन खटल्यात इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचा निकाल दिला. कॉलेजच्या वसतिगृहात मुलींच्या मोबाइल वापरावर घातलेल्या निर्बंधावरून तो खटला उभा राहिला होता. पुढे जून २०२३ मध्ये केरळनं के-फोन हे स्वतःचं सरकारी फायबर जाळं सुरू केलं. आपल्या राज्यातही महानेट हे फायबर जाळं आहे. त्या जाळ्याच्या टोकाला कॉलेज हा नक्की केलेला बिंदू असायला हवा. कुणाच्या मेहेरबानीवर ओढलेला फाटा नको.

बिंदू आणि फाटा यांत फरक काय, हे आमच्या तुटलेल्या तारेनं मला शिकवलं. भारतनेटच्या सुरुवातीच्या टप्प्यांत गावं बहुतांशी एका ओळीत जोडली गेली. मध्ये एक ठिकाणी तार तुटली की पुढची सगळी गावं अंधारात, अगदी फुटलेल्या पाटासारखी. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात ओळीऐवजी वर्तुळाची रचना आली. एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं येतं. चूक ओळखून रचना बदलली, हे चांगलं झालं. आता त्या वर्तुळावर कॉलेज बसवा. नाहीतर वर्तुळ शाबूत राहील आणि कॉलेजकडे जाणारा एकेरी धागा ट्रॉलीत अडकत राहील. रस्ता रुंदीकरण निघालं की जेसीबीचं बकेट सगळ्यात आधी फायबरवर पडतं, हेही सगळ्यांना माहीत आहे. खोदण्याआधी कळवण्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च २०२३ मध्ये आलं. गावातल्या ठेकेदाराला ते वापरायला लावणारं कुणी हवं.

विजेबद्दल थोडंच सांगते. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की पत्र्याखालच्या खोलीतलं यंत्र तापून आपोआप बंद पडतं. वीज गेली की यूपीएसच्या म्हाताऱ्या बॅटऱ्या दहा मिनिटांत मान टाकतात. आमच्या जिल्ह्यात उन्हाची कमतरता नाही. राउटर, स्विच आणि एक लहान सर्व्हर चालायला दोन-तीन सौर पॅनेल आणि चांगली बॅटरी पुरते. संपूर्ण इमारत सौरऊर्जेवर नेण्याचे मोठे प्रस्ताव जातात आणि पडून राहतात, पण एका कपाटापुरती ऊर्जा कुणी मागत नाही.

मोजमापाचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात वर्षानुवर्षं एक रकाना होता, संस्थेतल्या इंटरनेटची बँडविड्थ किती? ५० एमबीपीएस किंवा त्याहून जास्त असेल तर सर्वांत वरचा गट. आम्ही बिल जोडलं. बिलावर आकडा मोठा होता, तो खोटाही नव्हता. पण साडेअकराला प्रात्यक्षिकाची तुकडी बसते तेव्हा वेग आठ-दहावर घसरतो, आणि महिन्यातले किती दिवस तार मेलेली असते, याला रकानाच नाही. कालव्यात किती क्युसेक सोडलं हे लिहायचं आणि चारी कोरडी होती हे लिहायचं नाही, असा तो प्रकार आहे. म्हणून दोन वर्षांपासून मी एक वही ठेवली आहे. दहा, साडेअकरा आणि तीन वाजता वेग मोजते, बंद असेल तर बंद लिहिते, कारण कळलं तर कारण लिहिते. कालव्याचं पाणी वाटणारा पाटकरी ठेवतो तशीच नोंद. त्या वहीमुळे आम्हाला पहिल्यांदा कळलं की आमचा त्रास कमी वेगाचा नसून दुरुस्तीला लागणाऱ्या दिवसांचा आहे. जास्त एमबीपीएसचा पॅक घेऊन तो सुटला नसता, उलट पैसे वाया गेले असते.

हीच वही जिल्हाभर व्हावी अशी माझी मागणी आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झालं ते एका जिल्ह्यासाठी. एका जिल्ह्याचं विद्यापीठ म्हणून कधीकधी त्याला कमी लेखलं जातं, पण या कामात तीच ताकद आहे. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत, माळशिरसपासून बार्शीपर्यंत अकरा तालुके एका नजरेत येतात. प्रत्येक कॉलेजनं रोजच्या तीन नोंदी पाठवायच्या, विद्यापीठानं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यादी जाहीर करायची, आणि ती यादी शेवटून वाचायची. सर्वांत कोरडं कॉलेज पहिल्या क्रमांकावर. जिल्हा नियोजनाचा पैसा असो, आमदार-खासदार निधी असो की एखाद्या कारखान्याचा सामाजिक खर्च, आधी त्याच कॉलेजाकडे जावा. आज उलटं होतं. ज्या कॉलेजात आधीच चांगली प्रयोगशाळा आहे, प्रस्ताव लिहायला वेगळा माणूस आहे, तिथेच नवी जोडणीही जाते. हेडच्या मोटारी.

आणि पाटकरी नेमा. प्रत्येक तालुक्याला स्प्लायसिंग मशीन आणि ते चालवणारी दोन माणसं, एवढं झालं तरी अकरा दिवसांचे दोन दिवस होतील. त्यासाठी पुण्या-मुंबईचा अभियंता नको. विज्ञान शाखेची आमची पोरं, आयटीआयची पोरं हे काम आठवड्याभरात शिकतात. कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना आहेच. बागेला पाणी घालण्याबरोबर नेटवर्कच्या कपाटाची देखभाल, केबलला टोक लावणं, बिघाडाची नोंद ठेवणं ही कामं तिच्यात आली, तर मुलाच्या हातात पदवीबरोबर एक कसबही पडेल. मी ग्रंथालयात दोन मुलांना हे शिकताना बघितलं आहे. त्यांतला एक आता तालुक्याच्या गावी हेच काम करून घर चालवतो.

सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पाणी रोज मिळणार नाही हे त्यांनी मान्य केलं आणि शेततळी खोदली. मिळेल तेव्हा भरून ठेवायचं, हवं तेव्हा झाडाच्या मुळाशी थेंबानं द्यायचं. कॉलेजच्या इंटरनेटलाही असं शेततळं करता येतं. एक साधा संगणक, मोठी डिस्क आणि आवारापुरतं वायफाय. रात्री सगळे झोपलेले असताना मोकळी व्याख्यानं, परवानगी असलेली पुस्तकं, जुन्या प्रश्नपत्रिका, शब्दकोश उतरवून ठेवायचे. दिवसा तार तुटली तरी मुलांच्या फोनवर ते उघडतं, आणि कुणाचा डेटा खर्च होत नाही. परीक्षा अर्जाला याचा उपयोग नाही, त्याला जिवंत नेटच लागतं. पण अभ्यासाचा बराच भाग यावर निभावतो. महाविद्यालयीन ग्रंथालयांसाठी एन-लिस्ट या ई-साहित्याच्या योजनेची सवलत आहे, थोड्या वार्षिक शुल्कात सहा हजारांहून अधिक नियतकालिकं मिळतात. ती न वापरता पडून असतात याचं दुःख ग्रंथपालालाच कळेल.

सोलापूर म्हटल्यावर आदिवासी जिल्हा कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही. आमच्याकडे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं आदिवासी क्षेत्र नाही. पण पारधी वस्त्या आहेत, लमाण तांडे आहेत, वडार, कैकाडी आहेत. कागदावर कुणी अनुसूचित जमातीत, कुणी विमुक्त-भटक्यांत. १८७१ च्या कायद्यानं ज्यांना जन्मानं गुन्हेगार ठरवलं आणि तारेच्या कुंपणात ठेवलं, त्यांच्या वसाहतीची आठवण सोलापूर शहरात 'सेटलमेंट' या नावात अजून टिकून आहे. तो कायदा १९५२ मध्ये गेला. आज त्या समाजांतल्या अनेक घरांतली पहिली पिढी पदवीला येते आहे. आदिवासी क्षेत्र म्हणून ठरलेल्या भागासाठी योजना येते तेव्हा क्षेत्राबाहेरची ही विखुरलेली पोरं मोजलीच जात नाहीत. म्हणून निकष क्षेत्राचा नको, कॉलेजात बसलेल्या विद्यार्थ्यांचा हवा.

खऱ्या अर्थानं टेल पाहायचं तर गडचिरोलीकडे, नंदुरबारच्या धडगावकडे, मेळघाटाकडे बघावं लागेल. आमच्या अडचणी त्यांच्यापुढे लहान आहेत हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झालं. त्याच्या क्षेत्रातलं भामरागड पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की जगापासून तुटतं. तिथे जमिनीतून तार न्यायला वनखात्याची परवानगी लागते, अंतरं मोठी, टेकड्या आडव्या. अशा ठिकाणी उपग्रहाची जोडणी, डोंगरावरून डोंगरावर रेडिओ, आणि शेततळ्यासारखा स्थानिक सर्व्हर, हे तिन्ही मिळूनच चालेल, आणि त्याचा दर प्रति विद्यार्थी काढत बसलं तर कधीच परवडणार नाही. टेलला पाणी नेताना कालव्याचा शेवटचा किलोमीटर नेहमीच महाग पडतो. म्हणून तो खोदायचाच नाही, असं आपण शेतीत म्हणत नाही.

"नेट दिलं तर पोरं रीलच बघतील," हे मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकते. बघतात. मीही त्यांना बघताना बघते. पण त्याच संगणकावर एक मुलगा पोलीस भरतीच्या धावण्याचे निकष वहीत उतरवून घेतो, एक मुलगी कन्नड माध्यमातून आलेली म्हणून प्रत्येक मराठी परिच्छेदाचे शब्द शोधत बसते, आणि वर्गात कधीच हात वर न करणारी एक जण अर्धा तास फक्त परिचारिका प्रशिक्षणाची माहिती वाचते. याच जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं. वस्तीवरच्या लेकरांना पुस्तकातून जगात नेता येतं, हे आमच्या मातीतच सिद्ध झालं आहे. तशी लेकरं मोठी होऊन आता माळावरच्या कॉलेजात येतात.

आमच्या तारेबद्दल सांगायचं तर ती रस्त्याखालून पाइपातून न्यावी म्हणून आम्ही रीतसर परवानगी मागितली आहे. अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्यात गेला आहे. दिवाळीनंतर कारखान्यांत गाळपाची मोळी पडली, ट्रॉल्या पुन्हा सुरू झाल्या. शिपाईमामांनी कडुलिंबाला लांब बांबू बांधून तार दोन हात वर उचलून ठेवली आहे. आणि मुलींनी या खेपेला ठरवून टाकलंय, परीक्षेचे अर्ज उघडले की पहिल्याच दिवशी सगळ्या मिळून भरायचे, तार शाबूत आहे तोवर.